ताणावर टाकलेलं गाणं

संगीताच्या इतिहासात आमच्या दाजींचं स्थान अढळ आहे. स्थान ढळायचं तर ते आधी कुणीतरी द्यावं लागतं. दाजींना ते कुणी दिलं नाही, त्यामुळे ढळण्याचा प्रश्नच आला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तीर्थपुरीला त्यांची मोसंबीची बाग होती आणि बागेच्या कडेला पत्र्याची एक खोली. बागेत मोसंबी पिकायची आणि खोलीत गाणी. खोलीच्या दारावर ‘न्यू तीर्थपुरी बेंजो पार्टी’ अशी पाटी होती. जुनी तीर्थपुरी बेंजो पार्टी कधी अस्तित्वात नव्हती. मी एकदा तसं म्हणालो तेव्हा दाजी म्हणाले, “पाव्हने, आज न्यू लिवली म्हनून उद्या ती जुनी व्हईल. आधीच जुनी लिवली तर मंग तिला पुढं व्हायाला काय राह्यलं?” एका निवडणुकीत तर उमेदवाराची जीप त्या पाटीपाशी कचकन थांबली आणि उमेदवाराने आतूनच काळजीने विचारलं, “ही पार्टी नवीन निघाली का? उमेदवार कोण?” दाजींनी त्याला आत बसवून दोन गाणी ऐकवली. पुढे मतदानात तो पडला. दाजींचा त्यात काही हात नव्हता, पण ते अनेक दिवस दिलगीर होते.

बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. अमेरिकेत याच नावाचं एक वाद्य आहे, पण ते डफासारखं गोल असतं, त्याला लांब दांडी असते आणि बटणं नसतात, असं मी कुठेतरी वाचून दाजींना सांगितलं. दाजींनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. म्हणाले, “मंग त्यान्ला म्हनावं, या एकदा इकडं. बटनं बसवून देतो.”

पार्टीत मुळात तिघं. बेंजो आणि गाणं दाजींचं. ढोलकीवर त्यांचे चुलतभाऊ तात्या, ज्यांना ऐकू कमी यायचं. पार्टीत कधी भांडण झालं नाही याचं श्रेय मी त्यालाच देतो. आणि क्लॅरनेटवर चाचा. चाचांचं शेत दाजींच्या बागेला लागून होतं, मधे फक्त एक बांध. वयाने ते दाजींच्याच बरोबरीचे, पण सगळं गाव चाचा म्हणायचं म्हणून दाजीही म्हणायचे. चाचा अक्काला ‘आपा’ म्हणायचे, राखीला न चुकता दारात येऊन हात पुढे करायचे, आणि आपाचे यजमान म्हणून दाजींना ‘दाजी’. त्या दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नाही. दोघांनाही एकमेकांची नावं माहीत होती की नाही, याची मला कधी कधी शंका येते.

दाजींचा स्वभाव असा की झालेलं गाणं झालं, असं त्यांना कधी वाटायचंच नाही. बाकीचे लोक नवी गाणी करतात. दाजींना तो निव्वळ उधळेपणा वाटे. लागती झाडं सोडून रोज नवी कलमं कशाला लावायची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पार्टीची स्वतःची गाणी मोजकीच, आणि त्यांच्या जोडीला जत्रेतली आणि सिनेमातली जुनी, लोकांच्या आवडीची. एवढ्या सामानावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली, कारण तेच गाणं दुसऱ्यांदा ते तसंच वाजवत नसत. धावतं गाणं चालतं व्हायचं, चालतं गाणं बसायचं. वडीगोद्रीच्या एका वरातीत त्यांनी नाचायचं म्हणून गाजलेलं गाणं इतकं संथ केलं की घोड्यावरचा नवरदेव मान टाकून झोपला आणि त्याला मामाने मंडपात उचलून नेलं. राजूरला गणपतीच्या गर्दीत पोरांनी फर्माईश केली, तेव्हा दाजींनी तेच गाणं मधे थांबून थांबून वाजवलं. पोरं एक पाय वर उचलून दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत उभी राहिली. तात्यांना हे बदल ऐकू येत नसल्यामुळे ते पूर्वीच्याच चालीत ढोलकी वाजवत राहायचे, आणि लोकांना एकाच वेळी जुनं आणि नवं अशी दोन्ही गाणी मिळायची. चाचांना मात्र हा प्रकार मंजूर नव्हता. क्लॅरनेट तोंडातून काढून ते कळवळून म्हणायचे, “दाजी, गाने कू छेडो नक्को. जैसा है वैसाच रहने देओ.” दाजी म्हणायचे, “झाड तेच हाय चाचा. खत बदललं.”

एखादं गाणं फारच वाजवून झालं, की दाजी ते बंद करायचे. याला त्यांचा शब्द ‘ताण’. मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. बागेला सारखं पाणी दिलं तर झाड नुसतं पाल्यात जातं. म्हणून हंगामाआधी पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड केविलवाणं दिसायला लागतं. मग पाणी सोडलं की ते जीव खाऊन फुलतं. याला ताण देणं म्हणतात, आणि आमच्याकडे ण उच्चारायला जिभेला जड जात असल्याने सगळे ‘तान’ म्हणतात. दाजी गाण्यालाही तान द्यायचे. लग्नघरचे लोक एखादं गाणं मागायचे आणि दाजी गंभीरपणे सांगायचे, “ते सध्या तानावर हाय. आखाड झाल्यावर या.” लग्न आखाडाआधीच असायचं.

या शब्दाने एकदा घोटाळा केला. कुणीतरी भरीस घातलं म्हणून तिघं रेडिओवर गायची परीक्षा द्यायला शहरात गेले. मी सोबतीला होतो. काचेपलीकडे शाल पांघरलेले एक परीक्षक बसले होते. उन्हाळा होता, पण शाल होती. दाजींचं गाणं संपल्यावर त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “ताना घेता का?”

“घेत न्हाई साहेब. देतो.”

परीक्षकांनी डोळे उघडले. “देता? किती?”

“जमिनीवर हाय. हलकी असंल तर महिना. भारी असंल तर दोन बी लागतेत.”

“आणि मग काय करता?”

“पानगळ झाली का मंग पानी सोडतो.”

परीक्षकांनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाले, “कळवू.” बाहेर आल्यावर दाजी खुशीत होते. “मानूस जानकार दिसला. बागाईतदार असंल,” असं ते परतीच्या एस.टी.त दोनदा म्हणाले. त्या केंद्राने अजून कळवलेलं नाही.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळं सांगतो आहे, त्या गाण्याकडे येतो. ते पार्टीचं पहिलंच स्वतःचं गाणं. एका वर्षी दाजींच्या बागेचा पाट फुटला आणि पाणी बांध ओलांडून चाचांच्या शेतात गेलं. आमच्या भागात एवढ्यावर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. दाजी धावत गेले तर चाचा बांधावर बसून त्या पाण्याकडे बघत क्लॅरनेट वाजवत होते. दाजींनी तिथेच ओळ केली, ‘माझ्या पाटाचं पानी गं, तुझ्या वाफ्यात गेलं.’ पुढची ओळ काही सुचेना. तिथे चाचांनी क्लॅरनेटवर उत्तर दिलं. मग गाणं तसंच राहिलं. प्रत्येक कडव्यात दाजींनी अर्धी गोष्ट शब्दांत सांगायची आणि उरलेली चाचांनी बिनशब्दांची वाजवायची. मी बरीच नावाजलेली गाणी ऐकली आहेत. पण या गाण्यात क्लॅरनेट उत्तर द्यायला सुरुवात करायचं, तेव्हा मंडपातल्या बायका वाढता वाढता थांबायच्या, हे मी पाहिलेलं आहे. हे एकच गाणं दाजींनी कधी ‘सुधारलं’ नाही. त्याला ताणही दिला नव्हता.

तो द्यायची वेळ चाचा हैदराबादला निघाले तेव्हा आली. तिकडे त्यांच्या मेहुण्याचा मोठा ब्रास बँड होता. अंगात गणवेश, डोक्यावर टोपी, वर्षभर काम. चाचा बांधावर येऊन बसले आणि म्हणाले, “दो-चार बरस का सवाल है दाजी. बच्चों का कुछ बन जाता. फिर आ जातूँ.” दाजींनी वाद घातला नाही. गोणीभर मोसंबी एस.टी.च्या टपावर चढवली आणि सांगितलं, “तिकडं चांगली मिळत न्हाई.” घरी येऊन अक्काला म्हणाले, “पाटाचं गानं आजपासून तानावर. चाचा येईस्तोर.”

दोन-चार वर्षं गेली. मग आणखी गेली. चाचांचं शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसरा कुणी करू लागला. पार्टी चालू होती, पण दाजींनी चाचांच्या जागी कुणाला घेतलं नाही. बाकीच्या गाण्यांत जिथे जिथे क्लॅरनेट वाजायचं, तिथे तिथे दाजी हात उचलून गप्प बसायचे. तेवढा वेळ तात्यांची ढोलकी एकटीच वाजत राहायची. लोकांना वाटायचं गाणं संपलं. ते टाळ्या वाजवायचे आणि गाणं पुन्हा सुरू झालं की ओशाळायचे. कॅसिओवाला एक तरुण स्वतःहून आला. “काका, क्लॅरनेटचं बटन बी हाय यात,” असं त्याने वाजवूनही दाखवलं. दाजींनी त्याला चहा पाजला. “लै बराबर वाजतं,” ते म्हणाले, “पन ती जागा रिकामी न्हाई बाळा. तिथला मानूस गावाला गेलाय.”

अक्का या बाबतीत स्पष्ट होती. “बागेला दोन महिने तान देतेत, वर्सानुवर्स न्हाई. झाड वाळतं,” ती भाकरी थापता थापता म्हणायची. दाजींनाही तीच धास्ती होती, हे मला ठाऊक होतं. चाचा येतील तोवर ते गाणं जिवंत राहील का? वाजवल्याशिवाय ते नीट आठवत राहील का? म्हणून ते विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत एकटे असताना नुसती बटणं दाबून बघायचे, तारा न छेडता. आवाज होऊ द्यायचा नाही, म्हणजे ताण मोडत नाही.

एकदा दाजी अचानक हैदराबादला जाऊन आले. जालन्याहून गाडीने गेले, तिसऱ्या दिवशी परत. मी तेव्हा तीर्थपुरीलाच आलेलो होतो. अक्काने विचारलं, “भेटले का चाचा?”

“दिसला. वरातीत व्हता. टोपीला तुरा, खांद्याला सोनेरी गोंडे. लै झकास दिसून राह्यला व्हता.”

“मंग बोललात काय?”

“वाजवून राह्यला व्हता ना. मधी कसं बोलावं?”

“अवो, वरात संपल्यावर तरी?”

दाजी बराच वेळ पायातली चप्पल नीट करत बसले. “वरात लांब व्हती,” ते म्हणाले.

त्यानंतरची एक गोष्ट. जालन्याला माझ्या एका सहकाऱ्याकडे अमेरिकेतल्या खेड्याकडच्या एका वाद्यवृंदाची कॅसेट होती. म्हातारे गडी, तारांची वाद्यं, आणि आपलीच जुनी गाणी त्यांनी पुन्हा नव्याने गायलेली. एका बाजूला तरुणपणी म्हटलेली, दुसऱ्या बाजूला तीच आता म्हटलेली. मला दाजींचीच आठवण झाली म्हणून कॅसेट घेऊन गेलो. दाजी, तात्या आणि मी मोसंबीच्या सावलीत टेप ठेवून बसलो. दाजींना शब्द एक कळत नव्हता. तात्यांना आवाजही नीट येत नव्हता, पण मान ते डोलवत होते. एक बाजू झाली, दाजी म्हणाले, “लोकं चांगले हायेत.” दुसरी बाजू लावली. तेच गाणं, पण सावकाश, बसक्या आवाजात. दाजींचा चेहरा उजळला. “हे बी तान देतेत की! बघा, पुन्यांदा धरलाय बहार.” मग ते एकदम टेपकडे झुकले. टेप बंद करायला लावला, पहिली बाजू पुन्हा लावली, पुन्हा दुसरी. “पाव्हने, पहिल्यात मागून एक जन पिपानीसारखं वाजवत व्हता. ह्याच्यात न्हाई तो.” मी म्हणालो, लक्षात आलं नाही. दाजी टेपकडे बघत म्हणाले, “त्यांचा बी एक मानूस गेलेला दिसतो.” मी कॅसेट परत न्यायला विसरलो नाही, त्यांनीही ती ठेवून घ्यायला मागितली नाही.

दोन हजार सालानंतर दाजींच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. तोवर पार्टीला बोलावणारं कुणी राहिलं नव्हतं. लग्नात डीजे लागायचा, आणि घरच्या लग्नातही तोच ठरला होता. दाजींनी हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त पत्र्याच्या खोलीची पाटी पुसून घेतली. भाचीने मात्र कुठून तरी हैदराबादचा नंबर मिळवला आणि कुणाला न सांगता मोबाइलवरून बोलावणं केलं. लग्नाच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकत आली असताना, मंडपाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. पांढरी दाढी, हातात पिशवी. अक्काने ओळखलं. दाजी वरपक्षाला पान देत होते. ते तबक तसंच हातात घेऊन पुढे गेले आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, “जेवला का?”

“खाता खाता मरूँगा एक दिन,” चाचा म्हणाले. “पहले आपा किधर है बोलो.”

दाजींची नजर पिशवीकडे होती. “बाजा?”

चाचांनी ओठ मागे घेऊन दात दाखवले. सगळे नवे, एकसारखे, नको तितके पांढरे. “असली गये, दाजी. नकली पे क्लॅरनेट टिकता नहीं, फिसलता. दे दिया भतीजे कू.” दाजींनी मान हलवली, तबकातला एक विडा त्यांच्या हातावर ठेवला आणि मग तो परत घेतला, कारण विडा खायला खरे दात लागतात.

पाठवणीला अजून अवकाश होता. डीजे दणाणत होता आणि दोन मित्रांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. ते नुसते शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून होते. तेवढ्यात लोडशेडिंग झालं. डीजे अर्ध्या शब्दात मेला. मंडपात अशी शांतता पडली की पंगतीतली द्रोणांची कुरकुर ऐकू आली. भाची नवरीच्या वेषात उठली, पत्र्याच्या खोलीत गेली आणि बेंजो आणून वडिलांच्या मांडीवर ठेवला. “बाबा, पाटाचं म्हना.”

“ते तानावर हाय बाई.”

“चाचा आले की.”

“त्याचा बाजा न्हाई आला.”

अक्का मागून म्हणाली, “अवो, सोडा आता पानी!”

दाजींनी सुरुवात केली. तात्यांनी दाजींचे हात बघून ढोलकी धरली. मी मनाशी म्हणालो, इतक्या वर्षांनंतर आता हे काय काय सुधारतात बघू. दाजींनी काहीही बदललं नाही. बांधावर झालं होतं तसंच, त्याच चालीत, तितकंच. ‘माझ्या पाटाचं पानी गं, तुझ्या वाफ्यात गेलं.’ आणि मग सवयीने त्यांनी हात उचलला. ती जागा आली. ढोलकी एकटीच वाजत राहिली. चाचांनी खिशातून रुमाल काढला, तोंड फिरवून दातांची कवळी काढली, रुमालात गुंडाळली, आणि बोळक्या तोंडाने गायला लागले. क्लॅरनेटचीच चाल, पण शब्दांत: ‘पानीच तो है, आन दे... मेरी तरफ कू आन दे...’ पुढेही ओळी होत्या. प्रत्येक कडव्याला उत्तर होतं. वाढणाऱ्या बायका पूर्वीसारख्याच थांबल्या. दाजींनी कधीच न छेडलेलं हे एकमेव गाणं, आणि शेवटी ते बदललं चाचांनी, ज्यांना गाण्यातलं काही बदललेलं खपत नसे.

गाणं संपल्यावर दाजी म्हणाले, “शब्द व्हते व्हय तिथं?”

“थे ना. पहले दिन से थे.”

“मंग बोलला काहून न्हाई कधी?”

“मूँ में बाजा था,” चाचा म्हणाले. “कैसा बोलता?”

दाजी हसले. मग उपरण्याने तोंड पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. लाइट आली, डीजे जिथे मेला होता तिथून पुढे सुरू झाला, आणि भाची सासरी गेली. दुसऱ्या दिवशी चाचा राखीपौर्णिमा नसतानाही अक्काकडून राखी बांधून घेऊन हैदराबादला गेले. मुलांचं तिकडेच सगळं बनलेलं होतं. त्यानंतर ते आले नाहीत.

आता दाजी ते गाणं रोज संध्याकाळी वाजवतात. ताण नाही, पण चाचांच्या जागेपाशी येऊन अडतात. पहिल्या दोन ओळींबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. पुढे दाजी म्हणतात, पाणी तुझ्या बागेचं म्हणून गोड आहे, असं काहीतरी होतं. अक्का म्हणते, गोडाचं काही नव्हतं, उतारच माझ्याकडे आहे तर पाणी काय करील, असं होतं. तात्यांना त्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांची ओळ या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे आणि ते तिच्यावर सर्वांत ठाम आहेत. दाजींनी हैदराबादला फोन लावून विचारलं. चाचा म्हणाले, “मैंने कुछ बोला क्या? दाँत नहीं थे दाजी. जो निकला सो निकला.”

शेवटी अक्काला सुचलं की लग्नाची सीडी आहे. कॅमेरा बॅटरीवर चालतो, तो त्या वेळी चालू होता. सगळे टीव्हीसमोर बसलो. दाजींनी चष्मा पुसून घातला. पडद्यावर मंडप आला, दोन खुर्च्या आल्या, दाजींचा वर उचललेला हात आला, रुमाल आला. चाचांचं तोंड हलताना अगदी स्वच्छ दिसतं. त्यांच्याभोवती बदामाच्या आकाराची चौकट आहे आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. आवाज सिनेमातल्या गाण्याचा आहे. कॅमेरावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की मूळ आवाजात गडबड लै व्हती, म्हणून काढून टाकला.